शिंकाळं गेलं, फ्रीज आला, पण भात ओट्यावरच राहिला

आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमधे परवा परत तोच विषय निघाला, रात्रीचा भात सकाळी खावा की नाही, आणि लगेच दोन पार्ट्या झाल्या. एक म्हणते आमच्या आज्या काय फेकून देत होत्या का, दुसरी म्हणते शिळं म्हणजे विषच. मला वाटतं दोघींनाही मागचं माहीत हवं म्हणून लिहितेय.

फ्रीज नव्हता तेव्हा सगळं मीठ, ऊन, आंबट आणि उकळी यांवर चालायचं. इथल्या आगरी-कोळी घरांमधे बोंबील दोरीवर आणि जवळा खाली पसरून वाळवतात कारण पावसाळ्यात मासेमारी बंद (आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते), आणि पाणी गेलं की जंतूंना वाढायला काही उरत नाही. ठाणे-उरणकडची मिठागरं होतीच हाताशी. माझी आजी दुधाची पातेली परातीत पाणी घालून त्यात ठेवायची, मुंग्या पण नाहीत आणि थोडा गारवा पण, शिवाय दूध दोनतीनदा तापवायचं, आमटीला रात्री परत उकळी. लोणी शिंकाळ्यात. आणि भात उरलाच तर त्यात ताक कालवून ठेवायची, नुसता कोरडा तसाच कधीच नाही. मुळात ती तांदूळ माणसं मोजून घ्यायची, हे आपण विसरतो.

गारवा विकत मिळायला लागला तो आधी बर्फाच्या रूपात, १८३३ मधे बोस्टनहून जहाजाने कलकत्त्याला बर्फ आला, पुढे मुंबईतही यायला लागला पण तो श्रीमंतांसाठीच. घरगुती फ्रीज आपल्याकडे बनायला लागले १९५८ मधे, गोदरेजचे. मग १९७० ला सिडको आली, नवी मुंबई वसली, दोघं नोकरीला, ठाण्याहून सकाळची लोकल, त्यामुळे एकदाच दोन वेळचं रांधायचं आणि वाशी मार्केटमधून आठवड्याची भाजी. उरलेलं वाढलं ते इथून.

पण फ्रीज आला तरी सवय जुनीच राहिली, "उकळलं की चालतं". दुधाला, आमटीला ते बऱ्यापैकी लागू होतं. भाताला नाही! १९७० च्या दशकात ब्रिटनमधे फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडले तेव्हा लक्षात आलं की शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवत होते. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू तांदळातच असतो, त्याचे बीजाणू शिजवून पण मरत नाहीत, भात कोमट राहिला की उगवतात आणि एक विष सोडतात जे परत गरम केलं तरी जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे आपलं "वास घेऊन बघ" इथे कामाचं नाही.

आमच्याकडे हेच झालं होतं. पूजेचा भात दुपारी एकपासून टोपात ओट्यावर, झाकण घालून, रात्री अकराला फ्रीजमधे आणि सकाळी छान फोडणी देऊन खाल्ला. दुपारच्या आत मी आणि माझा मुलगा दोघं उलट्या करून आडवे. मुलाचा तो पांढरा पडलेला चेहरा आठवला की अजून पोटात गोळा येतो. भात फ्रीजमधे गेलाच होता, पण दहा तास उशिरा गेला.

नियम तसा साधा आहे, दोन तासांच्या आत फ्रीजमधे, आणि आपल्याकडे मे मधे ३२ डिग्रीच्या वर असतं तेव्हा एकच तास. आत तापमान ४ च्या आसपास हवं. फ्रीज जंतू मारत नाही, फक्त त्यांना हळू करतो, त्यामुळे भात दुसऱ्या दिवशी संपवायचाच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे लाइट गेली होती ना, अशा वेळी दार उघडलं नाही तर साधारण चार तास गारवा टिकतो, आणि आपण नेमकं दर दहा मिनिटांनी उघडून बघतो.

मी आता जेवण झालं की उरलेला भात ताटात पातळ पसरते, पंख्याखाली वाफ गेली की छोट्या चपट्या डब्यात भरून आत. खोल टोपात ठेवला तर मधला भात तासन्‌तास कोमटच राहतो, बोट घालून बघा एकदा.