रेणवीय ठसा आणि निवडक संश्लेषण

एखाद्या रेणूभोवती बहुवारिक (पॉलिमर) घडवून नंतर तो रेणू काढून घेतला, तर मागे उरणारी पोकळी आकाराने आणि रासायनिक गटांच्या मांडणीने त्याच रेणूला जुळणारी असते; यालाच त्या रेणूचा ‘ठसा’ म्हणतात. अशा पोकळीत विक्रिया घडवून अनेक संभाव्य उत्पादितांपैकी हवे तेच मिळवण्याच्या पद्धतीचा विचार या नोंदीत केला आहे.

साचा म्हणून निवडलेला रेणू मेथॅक्रिलिक आम्लासारख्या एकवारिकाशी (मोनोमर, म्हणजे बहुवारिकाचा सुटा घटक) विद्रावात बंध जुळवतो. मग एथिलीन ग्लायकॉल डायमेथॅक्रिलेटसारखा जोडक (साखळ्या एकमेकींना बांधणारा रेणू) भरपूर प्रमाणात घालून जाळीदार, कठीण बहुवारिक बनवले जाते. साच्याशी सहसंयुजी (इलेक्ट्रॉन वाटून घेणारे, मजबूत) बंध जोडण्याची पद्धत ग्युंटर वुल्फ यांनी 1972 मध्ये मांडली, तर केवळ हायड्रोजन बंधांसारख्या सैल बंधांवर विसंबणारी आणि म्हणूनच अधिक सोयीची पद्धत क्लाउस मोसबाख यांच्या गटाने पुढे आणली. त्याही आधी, 1949 मध्ये, फ्रँक डिकी यांनी मिथिल ऑरेंजच्या सान्निध्यात बनवलेले सिलिका जेल त्या रंगद्रव्याला अधिक पकडते असे दाखवले होते.

संश्लेषणाच्या दृष्टीने पोकळीचे काम दोन प्रकारचे असते. एक म्हणजे विक्रियाकारकांना ठरावीक दिशेने धरून ठेवणे. ॲझाइड (नायट्रोजनयुक्त गट असलेले संयुग) आणि अल्काइन (कार्बनांमधील तिहेरी बंध असलेले संयुग) तांब्याच्या उत्प्रेरकाविना तापवले, तर ट्रायझोल या नायट्रोजनयुक्त वलयाचे 1,4 आणि 1,5 असे दोन्ही समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी) बनतात. मात्र त्यांपैकी एका ट्रायझोलचा ठसा घेतलेल्या बहुवारिकात त्याच समघटकाला झुकते माप मिळते, असे 2006 मध्ये दिसून आले. स्टेरॉइडांच्या बाबतीत तर पोकळीच्या भिंतीवरच लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड हा क्षपण (हायड्रोजन जोडण्याची विक्रिया) करणारा अभिकारक बसवून रेणूतील 3 आणि 17 या स्थानांवरील कीटोनांपैकी कोणत्याचे क्षपण व्हावे, यावर 1993 मध्ये प्रभाव पाडण्यात आला. ही युक्ती विशेष सुबक म्हणावी लागेल, कारण येथे अभिकारकाची जागाच निवड ठरवते.

दुसरे काम विक्रियेचा वेग वाढवण्याचे. त्यासाठी साचा उत्पादिताचा नव्हे, तर संक्रमण अवस्थेशी (विक्रिया होताना क्षणभर असणाऱ्या मधल्या रूपाशी) साम्य असलेल्या स्थिर संयुगाचा घ्यावा लागतो. एस्टरच्या जलविच्छेदनासाठी (पाण्याने तोडण्यासाठी) फॉस्फोनेट हे त्याचे ठरलेले उदाहरण. उत्पादिताचाच ठसा घेतला, तर पोकळी त्याला घट्ट धरून बसते आणि पुढच्या रेणूंना वाव राहत नाही. हाच दोष समतोल विक्रियेत मात्र गुण ठरतो: उत्पादित सतत शोषले जात असल्याने विक्रिया त्याच्या बाजूला सरकते. ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडकाच्या संरक्षित रूपाच्या (ज्यातील एक गट तात्पुरता झाकलेला असतो) एंझाइमी संश्लेषणात याच कारणाने उत्पादन वाढवता आले.

एंझाइमांच्या तुलनेत या पोकळ्या ओबडधोबडच असतात. एकाच बहुवारिकात काही उत्तम, तर बऱ्याच अर्धवट जुळणाऱ्या असतात आणि काही खोल जाळीत अडकून निरुपयोगी ठरतात. सुरुवातीची बहुवारिके एकसंध ठोकळ्याच्या रूपात बनत आणि ती कुटून, चाळून वापरावी लागत; अतिसूक्ष्म कण थेट बनवल्याने रेणूंची ये-जा सुधारली.

निष्कर्ष काढताना दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. ठशाविना बनवलेल्या तशाच बहुवारिकाशी तुलना केली नाही, तर वेगातली वाढ पोकळीमुळे की केवळ भिंतीवरील आम्लगटांमुळे, हे कळत नाही. शिवाय कितीही धुतले तरी साच्याचा थोडा अंश जाळीत राहतो आणि सावकाश पाझरतो. साचा हेच अपेक्षित उत्पादित असेल, तर हा पाझर विश्लेषणात उत्पादन म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. म्हणून विक्रियाकारक न घालताही तेच बहुवारिक तेवढाच वेळ विद्रावकात ठेवून तपासले जाते, किंवा साचा म्हणून उत्पादिताऐवजी त्याचे जवळचे सदृश संयुग घेतले जाते.