पार्श्वभूमी : अस्वलाचं मांस गुलाबी का ठेवत नाहीत

जुलै 2022 मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात एका कुटुंबातली माणसं एकत्र जमली होती. जेवणाला काळ्या अस्वलाचं मांस होतं. अस्वल कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या उत्तर भागात मारलेलं, आणि मांस घरच्या फ्रीझरमध्ये 45 दिवस ठेवलेलं. सळीला टोचून भाज्यांसोबत त्याचे कबाब भाजले. हे मांस मुळातच गडद, काळपट लाल. त्यामुळे आत कच्चं राहिलंय हे काही घास पोटात गेल्यावर लक्षात आलं आणि मग ते पुन्हा भाजलं गेलं. मांसातल्या ट्रिचिनेला नावाच्या बारीक किड्याने सहा जण आजारी पडले. ताप, अंग ठणकणं, डोळ्यांभोवती सूज. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त मांसाबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या.

दोष त्या एका चुलीचा म्हणता येत नाही. अस्वल पूर्वी डुकराच्या रीतीने शिजायचं, आता ते बीफ स्टेकच्या रीतीने, आत गुलाबी ठेवून, भाजायला घेतात. चूक होते ती इथे.

अठराव्या शतकात मिसिसिपीच्या खोऱ्यातले शिकारी अस्वलामागे लागायचे ते आधी चरबीसाठी. कढवलेलं अस्वलाचं तेल खालच्या अंगाला न्यू ऑर्लीन्सला जायचं आणि तिथे तळणीला वापरलं जायचं. आर्कान्सात व्हाइट नदीकाठी ऑइल ट्रफ नावाचं गाव आहे. ट्रफ म्हणजे लाकडी डोणी. तेल साठवायच्या आणि नदीतून न्यायच्या डोण्यांवरून हे नाव पडलं, असं सांगतात. 5 मे 1805 रोजी अमेरिकेचा पश्चिम भाग शोधायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने मिसुरी नदीकाठी एक मोठं तपकिरी अस्वल मारलं. मांस सगळ्यांत वाटलं, चरबी कढवून पिंपात भरली. ती थंड झाल्यावर डुकराच्या चरबीसारखी घट्ट होते, काळ्या अस्वलाच्या चरबीहून बरीच जास्त, असं लुईसने त्या दिवशी लिहून ठेवलंय. निरीक्षण नेमकं आहे. काळ्या अस्वलाची कढवलेली चरबी साध्या खोलीतही अर्धवट पातळच राहते.

मांसाचंही तसंच. मांड्या डुकराच्या हॅमसारख्या खारवून धुरावर धरायच्या, उरलेलं तासन्‌तास शिजवायचं. मांसातल्या किड्याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती. रानात वर्षानुवर्षं फिरलेल्या जनावराचे स्नायू चिवट असतात, ते मऊ पडायला वेळ लागतो, एवढंच कारण. त्या वेळखाऊपणानेच पुष्कळजण वाचले असणार.

किडा सापडला 1835 मध्ये. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदन करत होता. स्नायूंत पांढरे खडे दिसत, सुरीची धार त्यांवर बोथट व्हायची. हाडाचे कण म्हणून सगळे ते सोडून देत. पॅजेटने भिंग लावलं, तेव्हा आत वेटोळं घालून बसलेली जेमतेम एक मिलिमीटरची अळी दिसली. शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने तिचं नामकरण केलं, आजचं नाव ट्रिचिनेला. ती माणसात येते कुठून, हे 1860 मध्ये ड्रेस्डेनला फ्रीडरिष झेंकरने एका मृत मोलकरणीच्या तपासणीतून दाखवलं : डुकराच्या मांसातून. 1865 मध्ये हेडर्सलेबेन या जर्मन गावात कच्च्या डुकराच्या मांसाने 337 जण आजारी पडले, त्यातले 101 दगावले. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन रोगतज्ज्ञासारख्या डॉक्टरांनी मांसतपासणीचा आग्रह धरला आणि खाटिकखान्यांत सूक्ष्मदर्शक आले.

डुकरासाठी दुसराही उपाय होता, गोठवणं. अमेरिकी नियमांत उणे 15 अंश सेल्सिअसला 20 दिवस हे एक प्रमाण आहे, तेही ठरावीक जाडीच्याच तुकड्यांसाठी. पुढे डुकरांना न शिजवलेलं खरकटं खायला घालणं बंद होत गेलं, बंदिस्त पालन आलं, आणि हा आजार पाळीव डुकरांतून जवळजवळ हटला. 2011 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अख्ख्या पोर्क तुकड्यांचं शिफारशीचं तापमान 71 वरून 63 अंशांवर आणलं. पोर्क किंचित गुलाबी चालू लागलं.

अस्वलाला यातलं काहीच लागू नाही. ते मेलेली जनावरं खातं, आणि उत्तरेकडच्या रानात फिरणारी ट्रिचिनेला नेटिव्हा ही जात गोठवण्याला दाद देत नाही. साउथ डकोटाच्या त्या मांसात हीच निघाली. जेवणानंतर उरलेलं मांस तपासलं तेव्हा, फ्रीझरमध्ये एकूण पंधरा आठवडे राहूनही, त्यातल्या अळ्या हलत होत्या. खारवणं, वाळवणं, धूर देणं यांवरही विसंबता येत नाही. तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसायचा आणि 74 अंश दिसल्याशिवाय उतरवायचं नाही. रंग बघून ठरवायचं नाही, कारण शिजलेलंही गडदच असतं. कच्च्या मांसाची पाटी, सुरी, खिमा यंत्र दुसऱ्या कशालाही लावण्याआधी गरम पाणी आणि साबणाने धुवायचं. भाज्यांची सळी वेगळी.

ध्रुवीय अस्वलाची आणखी एक गोष्ट. 1597 मध्ये आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटांवर अडकलेल्या, दर्यावर्दी बॅरेंट्सच्या डच खलाशांनी त्याची कलेजी खाल्ली आणि तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. कलेजीतलं प्रचंड अ जीवनसत्त्व हे त्यामागचं कारण 1943 मध्ये सिद्ध झालं. ती कलेजी कितीही शिजवली तरी खायची नसते.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अस्वलाचं मांस न्यूयॉर्कच्या बाजारात उघड विकलं जायचं. रानं ओस पडू लागली तेव्हा राज्याराज्यांत शिकारीच्या मांसाची विक्री बंद होत गेली, 1900 च्या लेसी कायद्याने चोरट्या आंतरराज्य व्यापारालाही चाप बसला. म्हणून आज तिथे हे मांस शिकाऱ्याच्या घरातून घरात जातं, तपासनिसाच्या नजरेखालून नाही. युरोपीय संघात विक्रीला जाणाऱ्या अस्वलाची आणि रानडुकराची ट्रिचिनेला तपासणी सक्तीची आहे. आपल्याकडे प्रश्नच मिटलेला आहे : आपलं अस्वल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला किमान तीन वर्षं कैद. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी माणसापुढे मात्र हे मांस शेजाऱ्याच्या ताटातून येऊ शकतं. त्याने ते किती तापमानाला शिजवलंय हे विचारावं.

आता चवीचं. अस्वलाच्या मांसाला उग्र वास येतो म्हणतात, तो बहुधा मांसाचा नसतोच, चरबीचा असतो. शरदात ओकची फळं, बीच झाडाची फळं, ब्लूबेरी खाऊन माजलेल्या अस्वलाची चरबी पांढरीशुभ्र आणि गोडसर. नदीकाठी सॅमन खाणाऱ्याची हिंवस. शिवाय ही चरबी हरणाच्या चरबीपेक्षा मऊ आणि लवकर खवट होणारी, फ्रीझरमध्येसुद्धा. म्हणून साठवण्याआधी मांसावरची सगळी चरबी उतरवतात.

वासाचं दुसरं कारण म्हणजे उशीर. दाट केस आणि खाली चरबीचा थर, म्हणजे जनावर गोधडीत गुंडाळल्यासारखं. सप्टेंबरच्या उबदार संध्याकाळी मारून सकाळपर्यंत ठेवलं तर बाहेरून थंड लागतं, पण मांडीच्या सांध्यापाशी हाडालगत मांस आंबलेलं असतं. कोथळा लगेच काढायचा, कातडी लगेच उतरवायची, चार भाग करून मांस 4 अंशांखाली न्यायचं. ओढ्याच्या पाण्याने धुऊन ओलं ठेवू नये, पृष्ठभाग बुळबुळीत होतो.

शिजवताना खांदा किंवा मांडीचा दीड किलोचा तुकडा घ्यावा. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ, त्यात रात्रभर फ्रीजमध्ये. व्हिनेगरच्या मुरवणीवर फार भरवसा नको, ती काही मिलिमीटरच आत जाते. सकाळी पुसून कोरडा करायचा, गरम तेलात चारी बाजूंनी तांबूस करायचा, कांदा आणि अर्धं बुडेल इतकं पाणी घालून घट्ट झाकणात 150 अंशांच्या ओव्हनमध्ये तीन ते चार तास. 74 अंश त्याआधीच गाठलेले असतात. उरलेला वेळ स्नायूंमधली चिवट जाळी विरघळायला लागतो. काटा टोचून सहज फिरला की झालं. घाईने उतरवलं तर सुरक्षित असेल, पण चामड्यासारखं.

काढलेली चरबी टाकू नये. एक किलोचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, तळाला 100 मिली पाणी, मंद आच. लोणी कढवण्याचीच रीत. आधी कढ येतो, पाणी आटलं की बुडबुडे मंदावतात, तळाशी बेरीसारखे करडे तुकडे सोनेरी होतात. त्या क्षणी उतरवून फडक्यातून गाळायचं. पाणी राहिलं तर बरणीत बुरशी, बेरी काळी पडली तर तेल कडू. नीट उतरलेलं तेल थंडीत पांढरं गोठतं, आणि ‘पाय’ या सारण भरून भाजलेल्या पदार्थाचं कवच त्यात इतकं खुसखुशीत होतं की तिकडचे लोक आजही त्यासाठी ते बरण्या भरून ठेवतात.