निर्यात पतविमा

निर्यात पतविमा : उधारीवर परदेशी पाठवलेल्या मालाचे पैसे न मिळण्याच्या जोखमीवर उतरवला जाणारा विमा. पैसे बुडण्याचे कारण खरेदीदारापाशी असेल (दिवाळे, लांबलेली थकबाकी, माल घेण्यास नकार), तर ती व्यापारी जोखीम. ते त्याच्या देशापाशी असेल (युद्ध, बंड, परकीय चलन बाहेर जाऊ न देणे, आयात परवाना रद्द होणे), तर ती राजकीय जोखीम. माल वाटेत बुडणे वा भिजणे हा सागरी विम्याचा विषय असल्याने तो येथे येत नाही. भारतातील या व्यवसायाचा मोठा भाग मुंबईतून चालतो.

या विम्याचे मूळ किती मागे न्यावे याविषयी एकमत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात शंभर पणांवर (पण हे त्या काळचे नाणे) दरमहा सव्वा पण व्याज धर्म्य म्हटले असून व्यापाऱ्यांना पाच, अरण्यमार्गाने जाणाऱ्यांना दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस पण असे चढते दर दिले आहेत. शेवटचे दोन दर याज्ञवल्क्य स्मृतीतही आढळतात. या चढ्या दरांत विम्याचा हप्ता दडलेला आहे, असे काही अभ्यासक मानतात. पण जहाज बुडाले तर कर्जही बुडाले, अशी अट त्या वचनात नाही. ती गृहीत धरली नाही, तर वीस पणांचा दर ही सावकाराची सावधगिरी एवढीच राहते. ग्रंथाच्या काळाचाही प्रश्न आहेच. मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले परंपरागत मौर्यकाळ ग्राह्य धरतात. अलीकडचे बरेच संशोधक आजच्या संहितेला इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत खाली आणतात. प्रस्तुत विषयापुरता हा वाद दुय्यम आहे.

त्याहून जवळचा दुवा म्हणजे जोखमी हुंडी (हुंडी म्हणजे ठरलेली रक्कम देण्याविषयीची व्यापारी चिठ्ठी). मुंबई आणि गुजरातच्या बंदरांमधील किनारी व्यापारात ती चालत असे आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांतही तिची चर्चा आहे. माल गलबतावर चढवणारा व्यापारी त्या मालावर हुंडी लिही आणि सराफाला विकून रोख रक्कम घेई. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे देय होत. गलबत बुडाले तर सराफाची रक्कम गेली. साहजिकच अशा हुंडीची वटणावळ (विकत घेताना सराफ कापून घेई ती रक्कम) साध्या हुंडीपेक्षा जास्त असे आणि तो फरक म्हणजेच हप्ता. काही लेखक हिला निर्यात पतविम्याची पूर्वज म्हणतात. ते पूर्णपणे पटत नाही. जोखमी हुंडीत समुद्राची जोखीम सराफावर जाई, समोरच्या पेढीची पत मात्र तिच्या कक्षेबाहेर राही. आजच्या विम्यात नेमके उलट आहे. त्यामुळे त्याची वंशावळ १९१९ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या सरकारी निर्यात पत विभागापासून धरणे अधिक सयुक्तिक. पहिल्या महायुद्धानंतर विस्कळित झालेल्या बाजारपेठांत खाजगी विमा कंपन्या उतरेनात, म्हणून सरकारला उतरावे लागले. १९३४ मध्ये अशा विमा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ, बर्न युनियन, स्थापन झाला.

भारत सरकारने ३० जुलै १९५७ रोजी मुंबईत ‘एक्स्पोर्ट रिस्क्स इन्शुरन्स कॉर्पोरेशन’ सुरू केले. १९६४ व १९८३ मध्ये नावे बदलत गेली. २०१४ पासून ‘ईसीजीसी लिमिटेड’ हे नाव आहे (ईसीजीसी म्हणजे एक्स्पोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन). बाजारात जुन्या-नव्या सर्व काळासाठी ‘ईसीजीसी’च म्हणतात. कंपनी वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तिचे मुख्य कार्यालय अनेक दशके नरिमन पॉइंटच्या एक्स्प्रेस टॉवर्समध्ये होते, नंतर ते अंधेरी पूर्वेला गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीला पाच वर्षांत ४,४०० कोटी रुपयांचे भांडवल देण्यास मंजुरी दिली.

नेहमीच्या विमापत्राचे तत्त्व असे, की निर्यातदाराने आपली उधारीवरची सगळी निर्यात विम्याखाली आणावी. धोक्याचे गिऱ्हाईक तेवढे विमा कंपनीच्या गळ्यात घालता येत नाही. प्रत्येक परदेशी खरेदीदारासाठी पतमर्यादा मंजूर करून घ्यावी लागते. मग दरमहा रवानगीचे विवरण, मुदत टळली की थकबाकीची सूचना आणि साधारण चार महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर दावा, असा क्रम असतो. भरपाई पूर्ण मिळत नाही, सहसा ९० टक्के मिळते. दहा लाखांचे बिल थकले तर नऊ लाख हाती येतात. पुढे खरेदीदाराकडून चार लाख वसूल झालेच, तर त्यातले तीन लाख साठ हजार विमा कंपनीचे. उरलेला दहावा हिस्सा निर्यातदाराच्या डोक्यावर मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे गिऱ्हाईक पारखताना तो डोळे उघडे ठेवतो. बँकांनी निर्यातदारांना दिलेल्या कर्जांसाठी वेगळे संरक्षण आहे.

मालाच्या प्रतीविषयीचा वाद या विम्यात मोडत नाही, आणि महाराष्ट्रातील शेतमाल निर्यातदारांना हे कलम सर्वांत जाचक वाटते. २०१० च्या हंगामात न्हावा शेवाहून युरोपला गेलेल्या नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला आणि माल नाकारला गेला. अशा नकाराला व्यापारी जोखीम म्हणता येत नाही. निर्यातदाराने खरेदीदाराच्या देशातील न्यायालयात दावा जिंकला तरच गोष्ट वेगळी. नाशवंत मालाच्या व्यापारात तेवढा दम कोण धरणार? विनिमय दरातील चढउतार आणि निर्यातदाराच्या स्वतःच्या दलालाची लबाडी हेही वगळलेले आहे.

राजकीय जोखमीसाठी ईसीजीसी देशांची ए-१ पासून डी पर्यंत सात वर्गांत विभागणी करते आणि हप्ता त्यानुसार ठरतो. बहुतेक देशांसाठी खुले संरक्षण असते. काहींना मर्यादित संरक्षणाच्या यादीत टाकले जाते, मग संरक्षण प्रकरणागणिक वेगळे मंजूर करून घ्यावे लागते. युक्रेनवरील हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया या यादीत गेला. आफ्रिका व आशियातील दीर्घ मुदतीच्या प्रकल्प निर्यातीचा भार एकट्या कंपनीला पेलणारा नसल्याने २००६ मध्ये सरकारने राष्ट्रीय निर्यात विमा खाते हा न्यास निर्माण केला. २०११ पासून कफ परेडची एक्झिम बँक त्याच्या आधारे परदेशी सरकारांना खरेदीदार कर्ज (भारतातून खरेदी करण्यासाठीचे कर्ज) देते. देशी खाजगी कंपन्याही व्यापारी पतविमा देतात. विमा नियामकाची त्याविषयीची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झाली.

परदेशातील गुंतवणुकीवरचा राजकीय विमा ही वेगळी शाखा. जागतिक बँक गटातील मिगा ही संस्था तो १९८८ पासून देते. मुंबईत या शाखेची चर्चा एका उलट्या उदाहरणाने होते, कारण त्यात महाराष्ट्र हीच विमा उतरवलेली जोखीम होती. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचा करार राज्य सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये रद्द केला, पुढे वाटाघाटींनंतर तो सुरू झाला आणि २००१ मध्ये वीज मंडळाशी दर व थकबाकीवरून फिसकटला. भागीदार अमेरिकी कंपन्यांनी आपल्या सरकारच्या ओपिक या संस्थेकडे विमा उतरवला होता. २००३ मध्ये अमेरिकेतील लवादाने भारतीय बाजूची कृती स्वामित्वहरणासमान (मालमत्ता हिरावून घेण्यासारखी) ठरवून बेक्टेल व जनरल इलेक्ट्रिक या भागीदारांचा दावा मान्य केला. दर अवाच्या सवा होता, ही मंडळाची तक्रार इकडे बहुतेकांना रास्त वाटत होती. लवादापुढे मात्र प्रश्न विमापत्रातील व्याख्येचा होता. भरपाई दिल्यानंतर विमेदाराचे हक्क ओपिककडे आले आणि वसुलीचा विषय दोन सरकारांमधला झाला. २००५ मध्ये प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला.