एथ्नोम्युझिकॉलॉजीसाठी परदेशी जायचंय? शिष्यवृत्तीतलं एक कलम आधी वाचा

गोंधळी, वासुदेव यांच्या घरातली पोरं आता एम.ए.पर्यंत पोचली आहेत. त्यातल्या कुणाला लोकसमूहांच्या संगीताचा, म्हणजे एथ्नोम्युझिकॉलॉजीचा, अभ्यास परदेशात करायचा असेल तर केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. जागा १२५: अनुसूचित जातींना ११५, विमुक्त-भटक्यांना ६, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना ४.

पात्रता सरळ आहे. पदवीला किमान ६० टक्के, निवडीच्या वर्षी १ एप्रिलला वय ३५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, आणि प्रवेश क्यूएस या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीतल्या पहिल्या ५०० विद्यापीठांत. क्रमवारी विद्यापीठाची बघतात, संगीत विभागाची नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठासारखी (यूसीएलए) नावं त्यात सहज बसतात.

खरी मेख पुढे आहे. २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय योजनेतून वगळले गेले. म्हणजे भटक्यांच्या कोट्यातून संबळवाल्याचा मुलगा निवडला जाईल, पण संबळ हा त्याचा विषय असून चालणार नाही! मला हे अन्यायाचं वाटतं. तरी अर्ज करणाऱ्यानं आपल्या वर्षाच्या सूचना काढून हे कलम शब्दन् शब्द वाचावं, आणि उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) त्यानंतरच लिहावं. जावा बेटावरचं गामेलान (धातूच्या तालवाद्यांचा वृंद) किंवा पश्चिम आफ्रिकेतलं ढोलवादन असा विषय असेल तर या कलमाची आडकाठी येत नाही. संबळच हवा असेल तर राज्य सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या योजना बघा. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, विमुक्त-भटक्यांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची. त्यांचे शासन निर्णय मात्र वेगळे वाचावे लागतील.

अर्ज ऑनलाइनच. जातीचा दाखला, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि आयकर विवरणपत्र, पासपोर्ट, विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र. नोकरीत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र. प्रवेशपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो: शिफारसपत्रं, लेखनाचा नमुना, इंग्रजीची परीक्षा, कुठे कुठे वादनाचं रेकॉर्डिंगसुद्धा. म्हणून विद्यापीठाची तयारी वर्षभर आधी धरा.

निवड झाली की शिक्षणशुल्क, विमानभाडं मिळतं. वर्षाला निर्वाहभत्ताही मिळतो; त्याचा आकडा आपल्या वर्षाच्या सूचनांत बघा.