यादवीतल्या लव्हस्टोऱ्या आणि त्यांच्या मागचा कापूस

परवा भाचीने विचारलं, "मावशी, तू आणि आत्याआजी ह्या अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरवाल्या लव्हस्टोऱ्या एवढ्या वाचता, पण ते वॉर नक्की कशावरून झालं गं?" आणि मला दोन वाक्यांत सांगताच येईना. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी आत्याबद्दल. आत्या कोकणातल्या हर्णैची, मामा मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा घरी, गणपतीला आणि शिमग्याला. जून लागला की समुद्र बंद, होड्या वर ओढून झावळांनी शाकारलेल्या, बंदरावरचा लिलाव थांबलेला, लाइट कधी जाईल नेम नाही, आणि आत्याच्या मांडीवर लायब्ररीतली जाडजूड कादंबरी. पुठ्ठ्याची बांधणी, पहिल्या पानावर गोल जांभळा शिक्का, मागे तारखांची चिठ्ठी. पावसात पानं दमट होऊन एकमेकांना चिकटायची म्हणून ती पुस्तक रात्री चुलीजवळच्या फळीवर ठेवायची, त्यामुळे आमच्या घरातून परत गेलेल्या प्रत्येक पुस्तकाला धुराचा वास. तिला आवडायच्या त्या युद्धाच्या पार्श्वभूमीवरच्या प्रेमकथा, त्यातही घरातल्या घरात पेटलेल्या युद्धाच्या. परक्याशी लढाई असेल तर नवरा लढायला जातो आणि बायको वाट बघते, एवढंच. पण भाऊ एका बाजूला आणि ज्याच्यावर जीव जडलाय तो दुसऱ्या बाजूला असेल तर ती बाई कुणाच्या विजयासाठी देवाला हात जोडणार? आत्या म्हणायची खरी गोष्ट इथे सुरू होते.

आपल्या भाषेत ह्याला शब्दच आहे, यादवी. गृहयुद्ध हा पेपरातला शब्द, यादवी हा बोलण्यातला. महाभारताच्या मौसल पर्वात प्रभासक्षेत्री, समुद्राच्या काठावर, यादव दारू पिऊन आधी जुनी उणीदुणी काढतात, मग हाताला लागेल ते गवत उपटतात आणि त्या गवताची मुसळं होऊन एकमेकांना मारतात, आणि नंतर द्वारका समुद्र गिळतो. एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. आणि कादंबरी हा शब्दही तसाच, बाणभट्टाने सातव्या शतकात जी संस्कृत प्रेमकथा लिहिली तिच्या नायिकेचं नाव कादंबरी, आणि मराठीत त्या बाईचं नाव अख्ख्या साहित्यप्रकारालाच पडलं. म्हणजे आपण नुसतं कादंबरी म्हटलं तरी एका प्रेमात पडलेल्या मुलीचं नाव घेत असतो, मला हे फार आवडतं.

आता हा प्रकार सुरू कुठून झाला. इतिहासाच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी ह्या रूपात लोकांच्या हातात आली ती मुख्यतः वॉल्टर स्कॉटमुळे. त्याची 'वेव्हर्ली' १८१४ ला आली, लेखकाचं नाव न घालता, आणि गोष्ट १७४५ च्या स्कॉटलंडमधल्या बंडाची. त्यात एक तरुण इंग्रज अधिकारी दोन बाजूंच्या आणि दोन मुलींच्या मधे सापडतो. हाच साचा, पुढे दोनशे वर्षं सगळ्यांनी वापरला. इंग्लंडमध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट हे युद्ध १६४२ ला पेटलं आणि १६४९ मध्ये राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद झाला, त्या काळावर तर किती प्रेमकथा लिहिल्या गेल्या मोजता येणार नाहीत. स्पेनच्या १९३६ ते ३९ च्या यादवीवरही आहेत. पण आत्याच्या आणि माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आल्या त्या अमेरिकेच्या, म्हणून तिथेच जरा जास्त वेळ थांबते.

१२ एप्रिल १८६१ ला दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदरात, पाण्यातल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफांनी मारा सुरू केला आणि युद्ध पेटलं. हर्णैच्या माणसाला हे लगेच डोळ्यासमोर येतं, कारण आमच्याही समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे आणि किनाऱ्यावर गोवा किल्ला, किनाऱ्यावरून जलदुर्गावर मारा म्हणजे काय हे आम्हाला नकाशा काढून सांगावं लागत नाही. दक्षिणेतली एकूण ११ राज्यं अमेरिकेतून फुटून निघाली. का, तर गुलामगिरी टिकवायला. कादंबऱ्यांमध्ये मान, जमीन, घराण्याची अब्रू, राज्यांचे हक्क असलं बरंच काही असतं पण मूळ कारण गुलामगिरीच. १८६० मध्ये तिथे जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती, त्यांची खरेदी-विक्री व्हायची, आणि त्यातली कितीतरी माणसं कापसाच्या शेतात राबत होती. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला लागू झाला, जुलै १८६३ ला गेटिसबर्गची लढाई, नोव्हेंबर १८६४ ला उत्तरेच्या जनरल शर्मनच्या सैन्याने दक्षिणेतलं अटलांटा शहर जाळलं, ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. मेलेल्यांचा वर्षानुवर्षं सांगितला जाणारा आकडा ६ लाख २० हजार.

तर कापूस. लिंकनने एप्रिल १८६१ मध्येच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि हळूहळू इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला, तिथले मजूर उपाशी राहिले, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वळली मुंबईकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबईत यायचा आणि लिव्हरपूलला जायचा. भाव असे चढले की लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला असं सांगतात. पैसा आला की कंपन्या आल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या, बँका, आणि शेअरचा नाद लागला. त्यातला सगळ्यात मोठा माणूस प्रेमचंद रायचंद. त्याने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला लायब्ररीसाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले, तोच तो त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर, पुरा झाला १८७८ ला. तिकडे युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला, सौदे पुरे करायच्या दिवशी, मुंबईचा बाजार झोपला. प्रेमचंद स्वतःही बुडाला. फोर्टमधून जाताना तो मनोरा दिसला की मला नेहमी वाटतं, ही लायब्ररी अमेरिकेतल्या यादवीच्या पैशाने उभी राहिलीय, म्हणजे ज्या युद्धावरच्या कादंबऱ्या आपण वाचतो त्याच युद्धाने आपल्याकडे पुस्तकांसाठी घर बांधलंय.

आणि ते युद्ध नुसतं पैशाच्या रूपात आलं नाही. दक्षिणेचं 'अलाबामा' नावाचं जहाज उत्तरेची व्यापारी जहाजं पकडून जाळत जगभर फिरत होतं, ते जानेवारी १८६४ मध्ये खाली मलबार किनाऱ्यापर्यंत आलं आणि तिथे त्याने मुंबईहून निघालेलं 'एम्मा जेन' नावाचं अमेरिकन जहाज पकडून पेटवून दिलं. आपल्याच अरबी समुद्रात.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं तेही बघायला पाहिजे. ज्या १८६१ ला सम्टरवर तोफा उडाल्या त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' छापून आली, मराठीतली अद्भुतरम्य कादंबरी, नायिकेवर संकटं, ताटातूट, शेवटी भेट. चिपळूणचं वाचनालय, आताचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ चं. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ चं. आणि १८७१ ला गुंजीकरांची 'मोचनगड' पुस्तकरूपात आली, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. म्हणजे कोकणात वाचणारी माणसं, वाचायची जागा आणि वाचायची गोष्ट हे सगळं साधारण एकाच काळात जमून आलं. (चिपळूणचं वाचनालय जुलै २०२१ च्या पुरात बुडालं तेव्हा चिखलात लडबडलेल्या पुस्तकांचे फोटो बघून आत्या दोन दिवस नीट जेवली नव्हती.)

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ ची, पण खऱ्या अर्थाने गिरण्या वाढल्या त्या नंतर, आणि त्या गिरण्यांनी कोकणातले पुरुष ओढून नेले. आधी गलबतांनी, मग आगबोटींनी. मागे राहिल्या बायका, म्हातारी माणसं, भाताची खाचरं आणि पोस्टमन. त्यामुळे लढाईवर गेलेल्याचं पत्र येत नाही म्हणून दारात उभी असलेली नायिका ही आमच्या आत्याला परकी कधी वाटलीच नाही, तिने मामाच्या मनीऑर्डरची अशीच वाट बघितलेली. माझं तर स्पष्ट मत आहे की कोकणातल्या बायकांनी असल्या कादंबऱ्या जेवढ्या आतून वाचल्यात तेवढ्या फार कमी लोकांनी वाचल्या असतील.

आणि यादवीही आम्हाला परकी नाही. १७०७ नंतर ताराबाई आणि शाहू महाराज असे मराठ्यांचे दोन पक्ष झाले, कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूने होते, आणि शाहूंच्या बाजूने त्यांच्याशी बोलणी करायला आले बाळाजी विश्वनाथ, म्हणजे श्रीवर्धनचे. दोघेही ह्याच किनाऱ्याचे, १७१४ मध्ये समेट झाला. पण १७२९ ला कान्होजी गेले, १७३३ ला त्यांचे थोरले चिरंजीव सेखोजी गेले, आणि मग संभाजी आणि मानाजी हे भाऊ एकमेकांवर उठले. कोकणात भाऊबंदकी काय असते हे वेगळं सांगायला नको, एका आंब्याच्या झाडावरून दोन पिढ्या न बोलणारी घरं आहेत, इथे तर आरमाराची वाटणी होती. १७३५ मध्ये बाजीरावांनी मधे पडून अलिबागचा कुलाबा किल्ला मानाजीकडे आणि विजयदुर्गाचा भाग संभाजीकडे अशी वाटणी करून दिली, भांडण मात्र मिटलं नाही. संभाजीनंतर त्याचा भाऊ तुळाजी आला, त्याचं आणि पेशव्यांचं बिनसलं, आणि पेशव्यांनी चक्क इंग्रजांना सोबत घेतलं. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या आरमाराच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचं आरमार जळालं.

ह्यात एक गोष्ट अशी आहे की कुणी कादंबरीत घातली असती तर ओढूनताणून आणलीय असं वाटलं असतं. तो जेम्स पुढे इंग्लंडात वारला आणि त्याच्या बायकोने त्याच्या आठवणीत लंडनला शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर १७८४ मध्ये एक तीनकोनी मनोरा बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग. म्हणजे सुवर्णदुर्ग. आमच्या दारातल्या किल्ल्याचं नाव तिकडे एका विधवेने नवऱ्याच्या प्रेमापोटी दगडात कोरून ठेवलं, आणि इकडे त्या लढाईत ज्यांची माणसं गेली त्या बायकांची नावंसुद्धा कुणाला माहीत नाहीत.

तेच अमेरिकेतही झालं. युद्ध संपून दोन वर्षं होतात न होतात तोच, १८६७ ला, उत्तरेकडून लढलेल्या डी फॉरेस्ट नावाच्या लेखकाने दक्षिणेकडची नायिका घेऊन कादंबरी लिहिली, आणि पुढे उत्तरेचा अधिकारी आणि दक्षिणेची मुलगी ह्यांचं लग्न म्हणजे देशाचं मनोमीलन हा ठराविक साचा झाला. लग्न झालं, देश जुळला, आणि ज्यांच्यावरून युद्ध झालं ती माणसं मागे स्वयंपाकघरात. १८८३ मध्ये मार्क ट्वेनने तर लिहून टाकलं की दक्षिणेच्या डोक्यात सरदारकीचं खूळ स्कॉटच्या कादंबऱ्यांनी भरलं आणि युद्धाला तोच बराचसा जबाबदार आहे. मला ते अतिशयोक्त वाटतं, पण कादंबरीची ताकद त्याने बरोबर ओळखली होती. मग १९३६ ला मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक, आणि जगभरच्या वाचकांच्या मनात अमेरिकेची यादवी म्हणजे तीच कादंबरी झाली. मीही ती दोनदा वाचलीय, नायिका जमीन सोडत नाही तिथे दोन्ही वेळा रडलेय. पण त्यात गुलाम सुखात होते असं जे चित्र आहे ते खोटं आहे, आणि हे न सांगता ते पुस्तक मी भाचीच्या हातात देणार नाही. तिला सोबत मार्गारेट वॉकरची 'ज्युबिली' देणार, १९६६ ची, गुलामगिरीत जन्मलेल्या स्वतःच्या पणजीच्या आयुष्यावर लिहिलेली. आणि बेव्हर्ली जेनकिन्स, जिने १९९४ पासून काळ्या नायक-नायिकांच्या ऐतिहासिक प्रेमकथा लिहिल्या.

कारण खऱ्या लव्हस्टोऱ्या तिथेच होत्या. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती, मालकाच्या मनात आलं की नवरा एका राज्यात विकला जायचा, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. १८६५ नंतर सुटलेल्या जोडप्यांनी रांगा लावून आपली जुनीच लग्नं सरकारदरबारी नोंदवून घेतली. आणि ज्यांची ताटातूट झाली होती त्यांनी पेपरात जाहिराती दिल्या, माझी बायको अमक्या गावाला तमक्या मालकाने विकली, तिचं नाव हे, मुलांची नावं ही, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. युद्ध संपून कैक वर्षं झाली तरी ह्या जाहिराती येतच होत्या.

हे मी आत्याला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "सापडली का मग कुणाला?"

काहींना सापडली. बहुतेकांना नाही.