गॅलिव्हॅट

गॅलिव्हॅट : वल्ही आणि शिडे या दोन्हींवर चालणाऱ्या, उथळ पाण्यात वावरणाऱ्या सशस्त्र नौकेचे इंग्रजीतील जुने नाव. भारताच्या पश्चिम किनाऱ्याविषयीच्या, विशेषतः आंग्र्यांच्या आरमाराविषयीच्या अठराव्या शतकातील इंग्रजी लेखनात ते वारंवार येते. आता ते केवळ इतिहासग्रंथांत उरले आहे. गॅलेव्हॅट, गॅलवेट, गॅलीवॉट अशी त्याची अनेक रूपे आढळतात. मराठीतील प्रतिशब्द गलबत.

व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. पोर्तुगीज ‘गालेओता’ (लहान गॅली, म्हणजे वल्ह्यांनी चालणारी लांबट नौका) यापासून हा शब्द आला, हे मत आज बहुतेक कोशांत स्वीकारलेले दिसते. ‘गालेओता’ हे ‘गाले’ या नौकानामाचे लघुत्वदर्शक रूप असून त्याची परंपरा मध्ययुगीन लॅटिन व बायझंटाइन ग्रीक ‘गालेआ’पर्यंत जाते. ए आणि ओ या लागोपाठच्या स्वरांमध्ये वकार शिरून पुढे ‘व’चा ‘ब’ झाला, असे मानल्यास गालेओता–गलवत–गलबत ही साखळी जुळते. मात्र शेवटच्या आकाराचा लोप विचार करायला लावतो. ‘बटाटा’सारख्या पोर्तुगीजमधून आलेल्या शब्दात तो टिकला आहे. तांबड्या समुद्रातील ‘जल्बा’ या नौकेचे अरबी नावही काही वेळा पुढे केले जाते. बाराव्या शतकातील प्रवासी इब्न जुबैर याने ऐधाब बंदरातील अशा नौकांचे, काथ्याने शिवलेल्या फळ्यांचे, वर्णन केले आहे. पण त्या प्रवासी नौका होत्या; शिवाय ‘जल्बा’ मानल्यास गलबतातील तकाराचा उलगडा होत नाही. त्यामुळे पोर्तुगीज मूळ अधिक संभाव्य वाटते. तो शब्द इंग्रजांनी थेट पोर्तुगिजांकडून उचलला की कोकण किनाऱ्यावरील बोलीतून, हा प्रश्न वेगळा. इंग्रजी रूपांतील ‘व’ हा वर्ण पहिल्या शक्यतेकडे झुकतो. परंतु किनाऱ्यावरच्या बोलीत व-ब यांची अदलाबदल होत असल्याने तेवढ्यावर निर्णय देता येत नाही.

दुसरा वाद ‘जॉली-बोट’ या शब्दाचा. जहाजाच्या पाठीमागे टांगलेल्या लहान होडीचे हे इंग्रजी नाव अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळते. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात त्याचा संबंध गॅलिव्हॅटशी लावलेला आहे. आधारही होता : सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निकोलस डाउंटन या इंग्रज कप्तानाच्या वृत्तांतात जहाजाच्या लहान होडीला ‘गेलिवॉट’ म्हटले असून ती पाण्याची खोली मोजण्यासाठी पाठवल्याचे नमूद आहे. मात्र इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्या काळातील आरमारी हिशेब ओपनहाइम यांनी १८९६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र बदलले. त्या हिशेबांत, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस, ‘जॉलीवॉट’ हे लहान होडीचे नाव येते. वास्को द गामा कालिकतला पोचला तो १४९८ मध्ये. तेव्हा हा शब्द भारतातून इंग्लंडला गेला असणे शक्य नाही. डाउंटनचा ‘गेलिवॉट’ हा बहुधा याच जुन्या इंग्रजी शब्दाचा अवशेष असावा आणि आंग्र्यांच्या नौकेचा गॅलिव्हॅट हा उच्चाराने जवळ आलेला निराळा शब्द. दोन्ही शब्द अखेर ‘गॅली’ कुळातलेच असतील, ही शक्यता मात्र उरते. जॉली-बोटसाठी डॅनिश ‘योले’ किंवा डच ‘योल’ हे मूळही सुचवले जाते.

गॅलिव्हॅटच्या रचनेची सविस्तर माहिती इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ पासून प्रसिद्ध झालेल्या इतिहासात मिळते. त्यानुसार ही नौका क्वचितच ७० टनांहून मोठी असे. डोलकाठ्या दोन, पैकी मागची अगदी लहान. मोठ्या डोलकाठीवर एकच भले मोठे त्रिकोणी शीड. लहान नौकांवर फाटलेल्या बांबूंची हलकी तक्तपोशी (डेक) व काठावर फिरत्या खुंट्यांवरील छोट्या तोफा. मोठ्यांवर पक्की तक्तपोशी आणि दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा. ४० ते ५० वल्ह्यांनी ती ताशी चार मैल जाई. वारा पडला की गॅलिव्हॅट जहाजे गुराबांना (मोठ्या लढाऊ जहाजांना) ओढत शत्रूच्या पिछाडीस नेत. तोफांनी शत्रूजहाज पंगू झाले की माणसांनी खच्चून भरलेली गॅलिव्हॅट जहाजे चहूबाजूंनी भिडत. प्रत्येकीवर २०० ते ३०० माणसे असत, हा ऑर्मचा आकडा ७० टनांच्या नौकेला फार वाटतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या अशाच नौकांवर ५०-६० माणसांची नोंद आहे. मोठा आकडा चढाईपुरता असावा.

मराठीत ‘गलबत’ सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळलेला होता. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमारातील नौकाप्रकारांत गुराबा, तरांडी यांच्याबरोबर गलबते येतात. आज्ञापत्रात पाच गुराबा व पंधरा गलबते असा एका सुभ्याचा (आरमारी तुकडीचा) संच सांगितला आहे. या ग्रंथाचा काळ परंपरेने १७१५ च्या सुमारास धरतात. त्याविषयी मतभेद आहेत.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्ग घेतला, त्या वेळी तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील आरमारातही काही काळ याच नावाच्या नौका होत्या. पुढे इंग्रजीतून हा शब्द नाहीसा झाला. मराठीत त्याचा लढाऊ अर्थ मागे पडून गलबत म्हणजे मालवाहू शिडाचे जहाज, आणि काव्यात कोणतेही जहाज, असा अर्थविस्तार झाला.