59 सेंटिमीटरचा हिशेब

घराच्या दाराची चौकट साधारण 2.1 मीटर उंच असते. तिच्यावर शाळेतली फूटपट्टी उभी धरा. पट्टीचं टोक जिथे पोचतं, साधारण तेवढ्या उंचीवरची काठी स्टेफान होल्म या स्वीडिश खेळाडूने 2005 साली माद्रिदमध्ये उंच उडीत ओलांडली. उडी 2.40 मीटरची, त्याची स्वतःची उंची 1.81 मीटर. म्हणजे डोक्याच्या वर तब्बल 59 सेंटिमीटर!

उंच उडीत 1.81 मीटरचा माणूस बुटकाच. 1993 पासून 2.45 मीटरचा विश्वविक्रम ज्याच्या नावावर आहे, तो क्यूबाचा हाविएर सोटोमायोर सुमारे 1.95 मीटरचा. उडीत वर न्यायचा असतो तो शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बेंबीच्या आसपासचा बिंदू. उंच माणसाचा तो मुळातच वर असतो. या दोघांत हा फरक आठेक सेंटिमीटरचा पडतो. जिथे एकेका सेंटिमीटरसाठी वर्षं खर्ची पडतात, तिथे हे अंतर फार मोठं आहे.

होल्मने ते पळण्याच्या वेगातून भरून काढलं. शेवटची काही पावलं वळण घेत पडतात, अंग आत झुकतं, गुरुत्वमध्य खाली येतो. मग उडीचा पाय जवळजवळ सरळ, शरीराच्या पुढे रोवला जातो. पळता पळता हातातला बांबू जमिनीत रोवला की माणूस वर फेकला जातो, तसंच हे. पाव सेकंदही मिळत नाही. टाचेमागची ताठ कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, स्प्रिंगसारखी ताणून सुटते आणि पुढचा वेग वर वळतो. वर पाठीची कमान होते, शरीर तुकड्यातुकड्याने काठीवरून सरकतं. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉस्बरीने जगाला दाखवलेली ही पद्धत. तिच्यात गुरुत्वमध्य काठीच्या खालूनही जाऊ शकतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

होल्मचे वडीलच त्याचे प्रशिक्षक. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये चौथा. 2004 ला अथेन्समध्ये 2.34 मीटरवर दोनदा काठी पडली. तिसऱ्या, शेवटच्या प्रयत्नात तो पार झाला, आणि लगेच पहिल्याच उडीत 2.36. सुवर्णपदक!

2007 ला ओसाकात मात्र बहामाचा डोनाल्ड थॉमस जगज्जेता झाला. बास्केटबॉल सोडून या खेळात येऊन त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. लहानपणापासून उड्या मारणारा होल्म चौथा आला. पुढच्याच वर्षी व्हॅलेन्सियात त्याने 2.36 मीटर ओलांडून चौथ्यांदा जागतिक इनडोअर विजेतेपद मिळवलं, बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुन्हा चौथा आला आणि त्याच वर्षी थांबला.